उरलेल्यांची गोष्ट

तोंडावर मुखपट्टी बांधलेला एक शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत काम करतो आहे. त्याच्या हातून काचेचं भांडं निसटतं आणि फुटतं. मग दिसतं विमान, आणि पारपत्रावर एकामागून एक उमटणारे देशोदेशींचे शिक्के. संवाद एकही नाही. तरी मिनिटभरात प्रेक्षकाला कळतं की आता जगाचं काही खरं नाही. २०२० साल अनुभवलेल्या माणसाच्या अंगावर हे पाहून काटा येतो. पण ही चित्रं आहेत १९७५ सालची.

बीबीसीच्या ‘सर्व्हायव्हर्स’ या मालिकेची ही सुरुवात. सर्व्हायव्हर्स म्हणजे वाचलेले, मागे उरलेले. पहिला भाग १६ एप्रिल १९७५ रोजी दाखवला गेला आणि जून १९७७पर्यंत तीन पर्वांत ३८ भाग झाले. तिचा जनक टेरी नेशन. ‘डॉक्टर हू’ या मालिकेतले डालेक नावाचे यंत्रराक्षस त्यानंच १९६३ साली जन्माला घातले होते आणि इंग्लंडमधल्या पोराबाळांची झोप उडवली होती. या वेळी मात्र त्यानं राक्षसबिक्षस काही ठेवला नाही. रोग येतो आणि पहिल्याच भागात जवळजवळ सगळ्यांना घेऊन जातो. उरतात ती मूठभर माणसं, तीही एकमेकांना अनोळखी. पुढची सगळी गोष्ट त्यांची.

हे त्याला तेव्हाच का सुचावं? जानेवारी ते मार्च १९७४ या काळात ब्रिटनमध्ये वीज वाचवण्यासाठी बहुतेक उद्योगांना आठवड्यात तीनच दिवस वीज मिळत होती. कोळसा खाणकामगारांचा सरकारशी संघर्ष चालला होता, तेल महागलं होतं. त्या हिवाळ्यात काही काळ दूरचित्रवाणीसुद्धा रात्री साडेदहाला बंद होई. एकेकाळी जवळजवळ पाव जगावर राज्य करणारा हा देश मेणबत्तीच्या उजेडात जेवत होता. गंमत पाहा, ‘सर्व्हायव्हर्स’च्या बारा दिवस आधी बीबीसीवरच ‘द गुड लाइफ’ ही विनोदी मालिका सुरू झाली. त्यात नोकरी सोडून परसात भाजीपाला आणि डुकरं पाळणारं एक शहरी जोडपं होतं. एकाच भीतीची ही दोन रूपं. एकीकडे ती हसवत होती, दुसरीकडे झोप उडवत होती.

मालिकेची नायिका अ‍ॅबी ग्रँट ही सुखवस्तू घरातली बाई. नवरा शहरात कामाला, मुलगा निवासी शाळेत. ती आजारी पडते, शुद्धीवर येते, तेव्हा नवरा मेलेला असतो. मुलाला शोधत ती शाळेत जाते. तिथे एक म्हातारा शिक्षक तेवढा उरला आहे. तो तिला जे सांगतो तेच पुढच्या सगळ्या मालिकेचं बीज आहे. दुकानांतलं धान्य, डबे, पेट्रोल काही काळ पुरेल. पण त्यानंतर? रोजच्या वापरातली एखादी साधी वस्तू तरी आपल्याला पहिल्यापासून बनवता येईल का? तिच्यामागे असतात खाणी, कारखाने, रेल्वे आणि हजारो अनोळखी हात. ते हात गेले की डॉक्टरेट मिळवलेला माणूसही आदिमानवाहून दुबळा, कारण आदिमानवाला निदान गारगोटी घासता येत होती. अ‍ॅबी घरी परतते, केस कापते आणि घराला आग लावून निघते.

मला या मालिकेतला सर्वांत जड वाटणारा भाग मात्र वेगळाच. त्याचं नाव ‘लॉ अँड ऑर्डर’. एव्हाना ही माणसं एका जुन्या वाड्यात एकत्र राहू लागली आहेत. मे दिनाच्या मौजमजेनंतर त्यांच्यातल्या एका तरुणीचा खून होतो. संशय बार्नी नावाच्या मतिमंद तरुणावर जातो. ना पोलीस, ना न्यायालय, ना तुरुंग. बार्नीला हाकलून द्यायचं की मारायचं, यावर मतं घेतली जातात. मृत्युदंड ठरतो आणि ग्रेग हा त्यांच्यातला भला, कामसू माणूस त्याला गोळी घालतो. मग खरा खुनी दुसराच असल्याचं उघड होतं. अ‍ॅबी आणि ग्रेग हे सत्य दडपून ठेवतात, कारण शेतावर राबायला माणसं कमी आहेत आणि खुन्याचे हात कामाचे आहेत! ब्रिटननं खुनासाठीची फाशी १९६५ साली थांबवली आणि १९६९ साली कायमची रद्द केली. म्हणजे हा भाग पाहणाऱ्यांच्या घरात तो वाद अजून ताजा होता. वाहिनीनं त्यांच्यापुढे प्रश्न ठेवला तो असा, की ज्यांनी मत दिलं ती वाईट माणसं नव्हती, मग?

तिकडे पडद्यावर जग मरत होतं, तेव्हा प्रत्यक्षात एक जुना मारेकरी रोग मरणपंथाला लागला होता. १९७४ साली भारतात देवीचे लाखाहून अधिक रुग्ण होते. गावोगाव, घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी मे १९७५मध्ये, म्हणजे मालिका सुरू होऊन महिना होतो न होतो तोच, देशातल्या शेवटच्या रुग्णाची नोंद केली. मालिकेतला ग्रेग १९७७ सालच्या पर्वात देवीसारख्याच रोगानं मरतो, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सोमालियात नैसर्गिक लागणीतून झालेल्या देवीचा जगातला शेवटचा रुग्ण सापडला.

मराठी माणसानं ही मालिका पाहिली तर त्याला एक गोष्ट खटकल्याशिवाय राहणार नाही. रोग आला आणि सरकार नाहीसं झालं, ही कल्पनाच आपल्या आठवणीत बसत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकार नाहीसं झालं नाही, ते बूट घालून माजघरात आणि देवघरात शिरलं. त्या संतापातूनच २२ जून १८९७ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. १९१८च्या इन्फ्लुएंझानं मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसं नेली. वाचले त्यांना अ‍ॅबीसारखं घर जाळून निघून जाता आलं नाही. शेत, सावकार, सारा, पोरकी झालेली पुतणी-भाचरं, सगळं होतं तिथेच होतं. टेरी नेशनच्या उरलेल्यांना सगळं नव्यानं उभारायचं होतं, आपल्या उरलेल्यांना जुनंच दोन हात कमी असताना ओढायचं होतं. यावर मालिका करणं अधिक अवघड, असं माझं मत आहे. कदाचित म्हणूनच १९१८ आपल्या घराण्यांच्या आठवणीत एखाद्या वाक्यापुरतं उरलं.

बीबीसीनं नोव्हेंबर २००८मध्ये ‘सर्व्हायव्हर्स’ नव्यानं आणली. ती चकचकीत होती, पण तिचं लक्ष मातीवरून उडून गुप्त प्रयोगशाळा आणि कटकारस्थानांकडे गेलं होतं. बारा भागांत ती आटोपली. तिच्या दोन पर्वांच्या मधल्या काळात, २००९ साली, खरोखरीचा स्वाइन फ्लू आला आणि पुण्यातल्या शाळा बंद झाल्या.

अमेरिकेतल्या ‘स्टेशन इलेव्हन’ची कथा याहून विलक्षण. एमिली सेंट जॉन मँडेल यांच्या २०१४ सालच्या कादंबरीवरची ही मालिका. फ्लूनं जग उजाड झाल्यावर वीस वर्षांनी एक नाटक मंडळी महासरोवरांच्या काठाकाठानं गावोगाव शेक्सपिअरचे प्रयोग करत हिंडते. पूर्वीच्या आपल्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या मंडळ्यांची आठवण व्हावी, अशी ही माणसं. १९७५च्या उरलेल्यांना आधी नांगर हवा होता, यांना नांगरामागोमाग नाटकही हवं आहे. शिकागोत २०२०च्या सुरुवातीला चित्रीकरण सुरू झालं आणि कोविडनं ते थांबवलं. पुढे २०२१ साली ते टोरांटोत पुरं झालं. शेवटचा, दहावा भाग १३ जानेवारी २०२२ला आला, तेव्हा अमेरिकेत ओमायक्रॉनची लाट ऐन भरात होती.