लक्ष्या गेला, तात्या विंचू राहिला

दुसरा भाग काढायचा आणि पहिल्या भागाचा नायकच हयात नाही, हा पेच हॉलिवूडला २०२० साली पडला. ‘ब्लॅक पँथर’चा चॅडविक बोसमन २८ ऑगस्टला कर्करोगाने गेला, अवघ्या ४३व्या वर्षी. मार्व्हलने त्याची राजाची भूमिका दुसऱ्याला दिली नाही. २०२२च्या ‘वाकांडा फॉरएव्हर’मध्ये राजाचाही मृत्यू होतो आणि मुखवटा धाकट्या बहिणीकडे जातो.

मराठी पडद्याने असाच पेच नऊ वर्षे आधी सोडवला होता.

तसे पाहिले तर मराठीचा सुपरहिरो म्हणजे लक्ष्याच, अर्थात लक्ष्मीकांत बेर्डे. ‘दे दणादण’मध्ये (१९८७) मारुतीच्या कृपेने त्याला अचाट बळ मिळते. पण लोकांच्या तोंडी जास्त राहिला तो १९९३चा ‘झपाटलेला’: बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेला लक्ष्या बोळके आणि त्याच्या बाहुल्यात शिरलेला गुंड तात्या विंचू. दिग्दर्शक महेश कोठारे, बाहुला रामदास पाध्यांचा, तात्या दिलीप प्रभावळकरांचा.

१६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे गेले. ‘झपाटलेला २’ आला ७ जून २०१३ला, तोही थ्रीडीत. लक्ष्याच्या जागी दुसरा लक्ष्या उभा करण्याचा मोह कोठाऱ्यांनी टाळला. कथा लक्ष्याच्या मुलाकडे, आदित्यकडे गेली. ती भूमिका आदिनाथ कोठारेने केली. बाहुला मात्र तोच, आणि प्रभावळकरही तेच.

रंगभूमीला ही चैन कधीच परवडली नाही. शकुंतला, सुभद्रा गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१मध्ये वारले, तरी त्यांच्या किर्लोस्कर नाटक मंडळीला पडदा उघडावाच लागला. चार वर्षांनी बालगंधर्व शकुंतला म्हणून उभे राहिले आणि प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. भाऊरावांचे गाणे ऐकलेली माणसे तेव्हा नाट्यगृहात होतीच. त्यांनी तुलना केली नसेल असे कोण म्हणेल? पण जुना प्रयोग पुन्हा लावून दाखवायची सोय नव्हती. सिनेमात ती असते, आणि तिथेच नव्या नटाची अडचण होते. १९९३चा लक्ष्या टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागतो.

बाहुल्याचे तसे नसते. य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव त्यांच्यामागे रामदासांच्या हातात बोलत राहिला. पेणच्या गणपती कारखान्यातही साचा कारागिराच्या मागे टिकतो. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी मात्र ज्याची त्याची. ‘झपाटलेला २’ला साचा मिळाला होता. बेर्डे यांची घाबरगुंडी, ते अडखळत बोलणे, भीतीतून हशा काढण्याची ती नेमकी वेळ, यांचा साचा कुणाकडेच नव्हता. आदिनाथने त्यांची नक्कल केली नाही हे बरेच झाले. म्हणूनच दुसऱ्या भागात नायक मुलगा असला, तरी चित्रपट तात्या विंचूचा झाला.