पत्त्यांची उतरंड

पाकिटावर पत्ता लिहिताना आपण लहानाकडून मोठ्याकडे जातो : नाव, गाव, तालुका, जिल्हा. टपाल खात्याला मात्र तो उलटा वाचावा लागतो. पिंपळगाव नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. शिवाय पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत येतात. हा घोळ टाळण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्यामागची कल्पना टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची.

अहमदनगर शहराचा पिनकोड ४१४००१. पहिला ४ देशाचा विभाग सांगतो, ४१ उपविभाग, ४१४ छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालय. मोठ्या कप्प्यातून लहान कप्प्यात, असा पत्राचा प्रवास होतो.

जवळपास त्याच काळात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स प्रणाली घडवत होते. तिच्यात फाइली फोल्डरांत, ते फोल्डर आणखी मोठ्या फोल्डरांत आणि प्रत्येक पायरीनंतर एक तिरपी रेघ अशी रचना होती. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची योजना मांडली आणि पुढे पानांचे पत्ते लिहिताना हीच तिरपी रेघ उचलली.

सर्व्हर म्हणजे मागितलेले पान पाठवणारा संगणक. समजा, कोणी 'कोपरगाव/शिर्डी/शाळा' हा पत्ता मागितला. सुरुवातीचे सर्व्हर ठरलेल्या फोल्डरापासून निघत, त्यातले 'कोपरगाव' उघडत, त्यात 'शिर्डी' शोधत आणि तिथली 'शाळा' ही फाईल पाठवत. फोल्डरांची मांडणी हीच पत्त्यांची यादी. वेगळी वही ठेवायला नको. पुढे पाने आयत्या वेळी तयार होऊ लागली, तेव्हा कोणत्या पत्त्यासाठी कोणता प्रोग्रॅम चालवायचा याच्या स्वतंत्र याद्या आल्या. २०१६ मध्ये आलेल्या नेक्स्ट-जेएसने पुन्हा फोल्डरांवरूनच मार्ग ठरवण्याची पद्धत लोकप्रिय केली.

पद्धत सोपी, पण तिला एक खोड आहे. शिर्डी पूर्वी कोपरगाव तालुक्यात होती. राहाता तालुका झाल्यावर ती तिकडे गेली. गाव जागेवरच राहिले, पण वरचे फोल्डर बदलले. 'कोपरगाव/शिर्डी/शाळा' असे मागणाऱ्याला आता '४०४' हे उत्तर मिळेल, म्हणजे 'सापडले नाही'. २०२४ मध्ये तर जिल्ह्याचेच नाव अहिल्यानगर झाले. सर्वांत वरच्या फोल्डराचे नाव बदलले की त्याखालचा प्रत्येक पत्ता मोडतो. त्यावर उपाय असा की जुन्या पत्त्यावर '३०१' या खुणेची पाटी ठेवायची : कायमचे हलवले, नवा पत्ता हा.

पिनकोडला मात्र या नामांतराची झळ लागली नाही, कारण त्यात नावच नाही. बर्नर्स-ली यांनी १९९८ च्या एका लेखात हेच बजावले होते : चांगला पत्ता बदलत नाही, म्हणून बदलणाऱ्या गोष्टी त्यात घालू नका.

आता विद्यार्थ्यांना जिल्ह्यातील गावांचे पिनकोड जमवायला सांगा. संगमनेरचा ४२२६०५, म्हणजे नाशिकच्या ४२२००१ च्या कप्प्यातला. कोपरगावचा ४२३६०१, मनमाडच्या ४२३१०४ बरोबरचा. श्रीरामपूरचा ४१३७०९, तर सोलापूरचा ४१३००१. महसूल खात्याच्या दृष्टीने एकाच जिल्ह्यातली ही गावे टपाल खात्याच्या कप्प्यांत चार ठिकाणी विभागली गेली आहेत. यात चूक कोणाचीच नाही. एका खात्याला सारा गोळा करायचा होता, दुसऱ्याला पत्रे पोचवायची होती.

उतरंड रचताना कोणते मडके खाली ठेवायचे, हे आपल्याला रोज कोणते काढावे लागते त्यावर ठरते. शाळेचे संकेतस्थळ उभारताना फोल्डर इयत्तेनुसार करावेत, विषयानुसार की वर्षानुसार, हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. कोणते नाव दहा वर्षांनीही तेच राहील, याचा विचार मुलांना आपोआप करावा लागेल.