रायगडावरच्या बाईसाहेब

अलिबागेहून धरमतरची खाडी ओलांडून रायगडाकडे निघालो, की मला शिवकाळाबरोबर हटकून 1818 चा मे महिनाही आठवतो. बाजीरावसाहेब दूर उत्तरेकडे वणवण करीत होते आणि त्यांच्या पत्नी वाराणसीबाई मात्र गडावर! कर्नल प्रॉथरचे तोफगोळे पडू लागले. वाड्याला आग लागली. तेव्हा तहाचा आग्रह बाईंनीच धरला म्हणतात. 10 मे रोजी अरब किल्लेदाराने गड इंग्रजांच्या हवाली केला. बाईंना सुखरूप उतरू दिले. गडावर पाच लाख रुपये रोकड सापडली, ही नोंद चोख आहे. बाईंच्या दिमतीला दासी असतीलच की! परक्या पलटणींच्या पहाऱ्यातून त्या कशा उतरल्या असतील? राणीवशाच्या जोत्यांपाशी म्हणून मी नेहमी अंमळ अधिक रेंगाळतो.