भिंतीतली भोके आणि प्रवासातला चार्जर

पूर्वी परगावी निघालेल्या माणसाबरोबर वळकटी असे, फिरकीचा तांब्या असे आणि रात्रीचा प्रवास असला तर कंदील. हल्ली वळकटी गेली, तांब्या गेला. पण उजेडाची आणि निरोपाची सोय बरोबर नेण्याची गरज काही गेली नाही. ती आता फोनमध्ये येऊन बसली आहे. विमानाचे तिकीट त्यात, उतरायच्या जागेचा पत्ता त्यात, पैसेही त्यातच. तो फोन परक्या देशात रात्री अकरा वाजता मालवला, तर माणसाची अवस्था कंदील विझलेल्या वाटसरूसारखीच होते.

म्हणूनच परवा माझ्या पुतणीने विचारलेला प्रश्न मला क्षुल्लक वाटला नाही. ती एका कारखान्यात इंजिनियर आहे. कामानिमित्त तिला सहा आठवड्यांच्या दौऱ्यावर जायचे होते. आधी जर्मनीत श्टुटगार्ट, मग लंडन आणि शेवटी जपानात ओसाका. "काका, फोन, लॅपटॉप, घड्याळ, कानातले, सगळ्यांना मिळून एकच चार्जर न्यायचाय. कोणता घेऊ?" आता इतिहासाच्या प्राध्यापकाला हा प्रश्न विचारावा का, असे तुम्ही म्हणाल. पण मला वाटते, त्यालाच विचारावा. कारण लंडनला एक भोक आणि ओसाकाला दुसरे, याचे उत्तर विजेच्या शास्त्रात सापडत नाही. ते इतिहासात सापडते.

आपल्या बोलण्यातली एक गंमत पाहा. वीज गेली की आपण "लाइट गेली" म्हणतो, आणि विजेच्या आकाराला "लाइटबिल" म्हणतो; मग त्या बिलात दिव्यांपेक्षा फ्रिजचा वाटा कितीही मोठा असो. आपल्या नकळत भाषेने हा इतिहास जपून ठेवला आहे. वीज घरात आली ती दिव्यासाठी. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर आपले वीजकेंद्र चालू केले, ते दिवे लावण्यासाठीच. त्याच्या दिव्याला सुमारे ११० व्होल्टचा दाब मानवत असे, म्हणून तोच दाब ठरला. भिंतीत भोक ठेवण्याची कल्पनाच तेव्हा नव्हती, कारण त्यात खुपसायचे काय? पुढे इस्त्री आली, पंखा आला, तेव्हा लोक दिवा काढून त्याच्याच होल्डरमधून वीज घेऊ लागले. आपल्याकडेही जुन्या घरांतून होल्डरला जोडलेली इस्त्री काहींनी पाहिली असेल. १९०४ साली अमेरिकेत हार्वी हबेल याने दिव्याच्या होल्डरमध्ये बसणारे आणि पिना उपसून वेगळे करता येणारे जोडसाधन शोधून त्याचे पेटंट घेतले. अमेरिकेतल्या आजच्या दोन चपट्या पिनांचे घराणे तिथून सुरू होते.

युरोपात बर्लिनच्या वीज कंपनीने एकोणिसावे शतक संपता संपता निराळा विचार केला. दाब दुप्पट केला, तर त्याच तांब्याच्या तारेतून अधिक वीज नेता येते. ग्राहकांचे दिवे बदलून देण्याचा खर्च सोसूनही हा व्यवहार कंपनीला परवडला आणि २२० व्होल्टचा दाब युरोपभर पसरला. अमेरिकेत तोवर ११० व्होल्टचे इतके दिवे लागून गेले होते, की मागे फिरणे कुणालाच परवडेना. आपण इंग्रजांच्या मागोमाग गेलो, म्हणून आपल्याकडे आज २३० व्होल्ट.

दाबाचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. आमच्या घरी तो फार जवळून पाहिला गेला. माझे थोरले मामा शिकागोला असत. १९८९ साली ते सुट्टीवर आले, तेव्हा आजीच्या कंबरदुखीसाठी विजेवर तापणारी शेकण्याची उशी घेऊन आले. तिच्या चपट्या पिना आमच्या भोकात बसेनात, म्हणून बाजारातून एक जोडपिन आणली. पिन बसली, उशी तापली, आजी खूश झाली आणि अंगावर गोधडी घेऊन झोपली. दहा मिनिटांत खोलीत करपल्याचा वास सुटला. आईने धावत येऊन बटण बंद केले, म्हणून गोधडीवरच निभावले. मी तेव्हा लहान होतो. जोडपिनेने भोकाचा आकार तेवढा बदलला होता, दाब बदलला नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. १२० व्होल्टसाठी केलेल्या तापणाऱ्या वस्तूला २३० व्होल्ट दिले, तर ती दुप्पट तापत नाही. साडेतीन पटीहून जास्त तापते. आजीने मात्र त्यानंतर परदेशातून आलेल्या कोणत्याही वस्तूला हात लावला नाही, आणि मामांनाही ते फार लागले.

असो. आता पुतणीच्या वाटेने जाऊ.

जर्मनीतला प्लग १९२० च्या दशकातला, बव्हेरियातल्या आल्बर्ट ब्युट्नरचा. गोल खळगा, त्यात दोन गोल भोके आणि कडेला अर्थिंगच्या दोन पट्ट्या. आपल्या मोबाइल चार्जरच्या दोन बारीक गोल पिना त्यात बहुधा बसतात. आपली तीन पिनांची गुडदी मात्र बसत नाही.

लंडनची गोष्ट अधिक रंगतदार आहे. इंग्लंडात आधी गोल पिनांचे प्लग होते आणि १९३४ साली त्यांचे प्रमाण ठरले होते. आपल्या भिंतीत आज जे आहेत ते त्यांचेच वंशज. तेव्हाचे पाच आणि पंधरा अँपियर आता सहा आणि सोळा झाले, आणि मोठ्याला आपण अजून "पॉवर पॉइंट" म्हणतो, एवढाच काय तो फरक. महायुद्धाच्या काळात इंग्लंडने युद्धानंतरच्या घरबांधणीचा विचार करण्यासाठी समित्या नेमल्या. विजेच्या समितीतल्या कॅरोलाइन हॅस्लेट या एकट्याच स्त्री. घरातल्या मुलाबाळांना भोकात काही खुपसता येऊ नये, हा आग्रह समितीत धरला गेला, आणि म्हणून तिथल्या प्लगची वरची लांब पिन आत गेल्याशिवाय खालच्या दोन भोकांची झडप उघडत नाही. तांब्याची टंचाई होती, म्हणून सगळ्या खोल्यांतून एकच तार कड्यासारखी फिरवून आणायची ठरली. त्या जाड तारेला मोठा फ्यूज लागतो. तो बारीक वायरचे रक्षण कसा करणार? म्हणून प्रत्येक प्लगच्या पोटात स्वतःचा छोटा फ्यूज आला. युद्ध, टंचाई आणि लहान मुलांची काळजी या तिन्ही गोष्टी त्या बोजड चौकोनी प्लगात अजून वाचता येतात. तो प्रमाण म्हणून जाहीर झाला, ते वर्ष १९४७! ज्या वर्षी इंग्रज इथून गेले, त्याच वर्षी त्यांनी घरी नवा प्लग घेतला, आणि जुना आपल्या भिंतीत राहिला तो राहिलाच.

जपानची कथा तर एका देशातल्या दोन संसारांची आहे. १८९० च्या दशकात टोकियोने वीजयंत्रे आणली जर्मनीहून, सेकंदाला पन्नास आवर्तनांची. ओसाकाने ती आणली अमेरिकेहून, साठ आवर्तनांची. त्या दोन खरेद्यांचा परिणाम आजतागायत टिकून आहे. फुजी नदीच्या आसपास कुठेतरी अदृश्य सीमा आहे. पूर्वेला पन्नास, पश्चिमेला साठ. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर टोकियोच्या बाजूची वीजकेंद्रे बंद पडली, तेव्हा पश्चिमेकडची वीज तिकडे पुरेशी पाठवता आली नाही, कारण आवर्तने बदलून देणारी केंद्रे फारच अपुरी होती. टोकियोच्या परिसरात पाळीपाळीने अंधार करावा लागला. सव्वाशे वर्षांपूर्वी दोन कंपन्यांनी दोन दुकानांतून माल घेतला, त्याची ही किंमत.

हे सगळे एक करण्याचा प्रयत्न कुणी केला नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोग १९०६ साली लंडनमध्ये स्थापन झाला, लॉर्ड केल्विन त्याचे पहिले अध्यक्ष. त्या आयोगाने जगाला एकच प्लग सुचवायला १९८६ साल उजाडले. तोवर कोट्यवधी भिंतींना भोके पडून गेली होती. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी तो आपापल्या फेरफारांसह घेतला. त्यातही ब्राझीलमध्ये त्याच भोकातून एका शहरात १२७ व्होल्ट येतात आणि दुसऱ्यात २२०. भिंत एकदा बांधली की पन्नास-पन्नास वर्षे टिकते. तिच्याशी भांडून उपयोग नसतो.

पण वायरीच्या दुसऱ्या टोकाला एकी झाली, आणि ती फार गाजावाजा न होता झाली. १९९० च्या दशकात सात कंपन्यांनी संगणकाला माउस, कीबोर्ड, प्रिंटर जोडण्यासाठी एकच जोड ठरवली. १९९६ साली तिचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. तीच यूएसबी. इंटेल कंपनीत या कामात पुढाकार घेणारे अजय भट्ट हे वडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. या जोडीतून माहितीबरोबर पाच व्होल्टची थोडीशी वीजही जात असे, अडीच वॅट, माउस हलवण्यापुरती. लोकांनी तिच्यावर फोन चार्ज करायला सुरुवात केली. पाहा, पुन्हा तेच झाले! दिव्याच्या होल्डरला जशी इस्त्री, तसा संगणकाला फोन. नंतर नियम करणारे मागून आले. २०१४ साली दोन्ही बाजूंनी बसणारी टाइप-सी जोड आली. २०२१ च्या प्रमाणाने तिच्यातून २४० वॅटपर्यंत वीज नेण्याची मुभा दिली. युरोपीय संघाने कायदाच केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे नव्याने बाजारात येणाऱ्या फोनांना ही जोड सक्तीची झाली. हे जमले कसे? माझे मत असे की फोन आपण तीन-चार वर्षांत टाकून देतो, भिंत टाकत नाही. म्हणून तिथे मत बदलणे स्वस्त पडले.

आता प्रत्यक्ष खरेदी. चार्जर हातात घेतला की आधी तो उलटा करा. पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते. तिच्यात १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे लिहिलेले असेल, तर टोकियो-ओसाकाचे भांडण तुमच्यापुरते मिटले. जुन्या चार्जरात लोखंड-तांब्याचा जड ट्रान्सफॉर्मर असे आणि तो एकाच दाबाचा असे. आताचा चार्जर आलेली वीज आधी एकदिश करतो, मग सेकंदाला हजारो वेळा तोडून हव्या त्या दाबाची करतो. त्यामुळे आत काय आले याची त्याला फिकीर नसते. मात्र इस्त्री, किटली, केस वाळवण्याचे यंत्र यांच्या पाठीवर बहुधा एकच आकडा असतो. वहिनींनी पुतणीच्या बॅगेत चहासाठी छोटी विजेची किटली भरली होती. आपली २३० व्होल्टची किटली जपानच्या १०० व्होल्टवर लावली, तर ती एकपंचमांशाहूनही कमी तापते. आजीच्या उशीची ही उलटी बाजू. किटली मी बाहेर काढायला लावली. वहिनी दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या.

दुसरे म्हणजे खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. "६५ वॅट" हा बहुधा एकाच भोकाला मिळणारा आकडा असतो. दोन वस्तू लावल्या की त्याची वाटणी होते, पंचेचाळीस आणि वीस अशी काहीशी. तीन लावल्या तर आणखी निराळी. ही वाटणी पुस्तिकेत दिलेली असते, ती वाचावी. पुतणीच्या लॅपटॉपला ४५ वॅट पुरतात, म्हणून ६५ चा घ्यायला मी सांगितले. तुमच्या लॅपटॉपला ६५ लागत असतील तर १०० चा घ्या. केबलकडेही पाहा. साधी टाइप-सी केबल ६० वॅटपर्यंतच नेते. त्यापुढे ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते. गॅलियम नायट्राइड या नव्या पदार्थाचे चार्जर आकाराने लहान असतात, थोडे महाग पडतात, पण प्रवासात ती किंमत वसूल होते. फार स्वस्त आणि बिनखुणेचा माल मात्र घेऊ नका. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी त्यावर असली पाहिजे. आणि पॉवर बँक बरोबर असेल तर ती विमानात हातातल्या बॅगेतच ठेवायची. चार्जरला तो नियम नाही.

तर असा तीन भोकांचा एक चार्जर आणि देशोदेशीच्या पिनांची एक जोड, एवढे घेऊन पुतणी गेली. श्टुटगार्ट पार पडले, लंडनही पार पडले. ओसाकाला पोचल्याच्या रात्री तिचा फोन आला, बॅटरी नऊ टक्के.

"काका, तुमच्या त्या अमेरिकेच्या पिना तीन आहेत. इथे भिंतीला तिसरे भोकच नाही!"

जपानात पुष्कळ ठिकाणी दोनच भोकांचे प्लग असतात, अर्थिंगचे तिसरे नसते. १८९० च्या दशकातली वीजयंत्रे तिला सविस्तर सांगणारा मी, हे सांगायचे विसरलो होतो. तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन पिनांची जोड आणली आणि अर्ध्या तासाने फोन पुन्हा केला.

"लागला. आणि काका, आईला सांगा, इथे खोलीत किटली आहे."

वहिनींना तो निरोप मी अजून दिलेला नाही.