जांभळ्या जीवाणूंतील इलेक्ट्रॉन-संक्रमण : अतिशीत तापमानातील एका मापनाचा इतिहास

सजीवांतील रासायनिक क्रिया सामान्यतः थंडीत मंदावतात. क्रिया घडण्यासाठी रेणूंना ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो व ते बळ त्यांना उष्णतेपासून मिळते, असे स्पष्टीकरण अऱ्हेनियसने १८८९ मध्ये दिले. या विचाराची मर्यादा जीवसृष्टीत प्रथम स्पष्टपणे दिसून आली ती जांभळ्या जीवाणूंच्या अभ्यासात.

हे जीवाणू प्रकाशावर वाढतात. परंतु वनस्पतींप्रमाणे प्राणवायू बाहेर टाकीत नाहीत. वनस्पती जेथे पाणी वापरतात तेथे यांपैकी अनेक जाती हायड्रोजन सल्फाइड वापरतात, असे प्रतिपादन व्हान नील याने १९३१ मध्ये केले. प्रकाश पडताच त्यांच्या हरितद्रव्याचा अल्प अंश फिका पडतो, असे १९५२ मध्ये डॉयसेन्सला आढळले. हा फिकेपणा म्हणजे इलेक्ट्रॉन गमावल्याची खूण होय. झालेली उणीव सायटोक्रोम हे लोहयुक्त प्रथिन भरून काढते.

सायटोक्रोमपासून हरितद्रव्यापर्यंत इलेक्ट्रॉन जातो कसा, हा खरा प्रश्न होता. फिलाडेल्फिया येथे डीव्हॉल्ट व चान्स यांनी क्रोमॅशियम या जीवाणूवर लेसरची अत्यल्पकालीन स्पंदने सोडून हा वेग मोजला. त्यांचा निबंध १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तापमानात अर्धी क्रिया सुमारे २ मायक्रोसेकंदांत पुरी होत असे. १०० केल्व्हिनपर्यंत थंड केल्यावर तीस सुमारे २.३ मिलिसेकंद, म्हणजे हजारपटीहून अधिक काळ, लागू लागला. येथवर सर्व अपेक्षेप्रमाणेच होते. परंतु त्याखाली ३५ केल्व्हिनपर्यंत तापमान उतरविले तरी वेगात बदल झाला नाही. पुढील वर्षी ४.५ केल्व्हिनपर्यंत जाऊनही हाच अनुभव आला.

इतक्या थंडीत उंबरठा चढून जाण्याइतकी उष्णता उरत नाही. तेव्हा इलेक्ट्रॉन तो चढून न जाता आरपार जातो, असाच निष्कर्ष निघतो. पुंजयामिकीत यास बोगदा-परिणाम म्हणतात. १०० केल्व्हिनच्या वर मात्र उष्णतेचा प्रभाव का पडतो, याची संगती हॉपफील्ड (१९७४) व जॉर्टनर (१९७६) यांनी रेणूंच्या कंपनांचा विचार करून लावली.

तथापि बोगद्याची लांबी कळल्यावाचून हा विचार अपुरा होता, आणि प्रथिनाची रचना तर अज्ञात होती. मिशेलने १९८२ मध्ये र्‍होडोस्यूडोमोनस व्हिरिडिस या दुसऱ्या जातीच्या अभिक्रिया-केंद्राचे स्फटिक मिळविले. डायसेनहोफर व ह्यूबर यांच्यासह केलेल्या क्ष-किरण अभ्यासातून त्याची रचना उलगडली व १९८८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. तेथे सायटोक्रोमातील सर्वांत जवळचे हीम हरितद्रव्याच्या जोडीपासून, मध्यापासून मध्यापर्यंत मोजल्यास, सुमारे २१ अँगस्ट्रॉम दूर आढळले. दोहोंचा परस्परांस स्पर्श नव्हता. मधली जागा प्रथिनाने व्यापलेली होती.

१९९२ मध्ये मोझर, डटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक संक्रमणांचे वेग एकत्र मांडले, तेव्हा अंतर वाढते तसा वेग घातांकी प्रमाणात घटतो असे दिसले. प्रथिनाचे एक प्रमुख कार्य त्यावरून ध्यानात येते. इलेक्ट्रॉनाचे दाते व ग्राहक योग्य अंतरावर स्थिर धरून ठेवणे, हे ते कार्य होय. रचना दृष्टीस पडण्यापूर्वी अनेक वर्षे केवळ वेगाच्या मापनाने या निष्कर्षाची वाट दाखविली होती, ही गोष्ट संशोधकाने ध्यानी ठेवण्याजोगी आहे.