फक्त बघा, हात लावू नका

रविवारी रात्री उशिरा फोन वाजतो. इथे रात्र, तिकडे सोमवारची सकाळ. "घाबरू नकोस, पण बाबांची अँजिओग्राफी झाली. दोन ब्लॉकेज निघालेत. डॉक्टर म्हणतात, आत्ताच स्टेंट टाकून घ्या." तुम्ही असा फोन घेतला नसेल, तर घरातल्या कुणाला तरी तो घेताना नक्की पाहिलं असेल. हो म्हणायचं की थांबा म्हणायचं, हे पाच मिनिटांत ठरवायचं असतं.

असा फोन येण्याआधीच या उपचारांचा इतिहास माहीत असलेला बरा. शरीर न उघडता, पडद्यावर बघत बघत आतलं दुरुस्त करायचं, ही कल्पना आज साधी वाटते. पण ती पुढे सरकली त्यात डॉक्टरांच्या हुशारीइतकाच वाटा 'नाही' म्हणणाऱ्या पेशंटचाही आहे.

१८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि शरीराच्या आत बघता येऊ लागलं. आत पोचायचं कसं, हा प्रश्न मात्र राहिला. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावात वेर्नर फोर्समान या २५ वर्षांच्या डॉक्टरला हृदयापर्यंत नळी नेऊन बघायची होती. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. मग या पठ्ठ्याने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी सरकवली, तशीच घेऊन चालत क्ष-किरणांच्या खोलीत गेला आणि ती हृदयात पोचल्याचा फोटो काढून घेतला. त्या वेळी कौतुक फारसं झालं नाही. नोबेल मिळालं ते थेट १९५६ साली.

दुसरी अडचण होती धमनीत शिरायची. सुई बारीक हवी, पण नळी तर जाड. १९५३ साली स्वेन-इव्हार सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरने उत्तर छापलं. सुई टोचायची, तिच्यातून बारीक तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी सरकवायची. पायजम्याची नाडी निसटली की आपण तिला सेफ्टी पिन लावून नेफ्यातून ओवतो ना, तसंच काहीसं. आधी वाट काढणारं कडक टोक पुढे, मग मागून बाकीचं. आजही जगभर रोज हेच केलं जातं.

इथपर्यंत हे सगळं फक्त बघण्यासाठी होतं. रेडिओलॉजिस्टने फोटो काढायचा आणि सर्जनने कापायचं, अशी वाटणी ठरलेली होती. ती मोडली अमेरिकेत, ऑरेगनमधल्या पोर्टलंडला, चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने. त्याच्याकडे येणाऱ्या एका चिठ्ठीवर सर्जनने 'फक्त बघा, दुरुस्त करायच्या फंदात पडू नका' अशा अर्थाची सूचना लिहिली होती, हा किस्सा त्या क्षेत्रात अजून सांगतात.

१६ जानेवारी १९६४. पेशंट ८२ वर्षांची बाई. डाव्या पायाला रक्त पोचत नव्हतं, जखम भरत नव्हती, बोटं काळी पडायला लागली होती. सर्जनचा सल्ला होता पाय कापायचा. आजी ठाम राहिल्या: पाय कापू देणार नाही. आता दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून केस डॉटरकडे आली. त्याने मांडीच्या धमनीतल्या अरुंद जागेतून तार नेली, तारेवरून एक टेफ्लॉनची नळी आणि तिच्यावरून आणखी जाड नळी. वाट रुंद झाली. काही मिनिटांत पाऊल गरम लागू लागलं. आठवड्याभरात दुखणं थांबलं, पुढे जखमही भरली. दोन-अडीच वर्षांनी हृदयविकाराने त्या गेल्या, तोवर स्वतःच्या पायांवर चालत होत्या.

आजींनी मान डोलावली असती, तर त्या दिवशी डॉटरच्या टेबलावर कुणी आलंच नसतं.

अमेरिकेतल्या सर्जन मंडळींनी बराच काळ ही पद्धत मनावर घेतली नाही. युरोपात मात्र ती रुजली, इतकी की 'डॉटरिंग' असं क्रियापदच तयार झालं. तिकडेच ती आंद्रेआस ग्रुंत्सिगच्या हाती लागली. डॉटरची नळी वाट ढकलत पुढे जायची. ग्रुंत्सिगला जागेवर पोचल्यावर बाजूंना फुगणारं काहीतरी हवं होतं. साधा रबरी फुगा चालेना, कारण तो जिथे अडथळा कमी तिथे जास्त फुगतो. झुरिकमधल्या आपल्या स्वयंपाकघरात संध्याकाळी प्रयोग करत करत त्याने ठरावीक मापापलीकडे न फुगणारा प्लास्टिकचा फुगा बनवला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्याने ३८ वर्षांच्या एका माणसाच्या हृदयाच्या धमनीत तो फुगवला. त्या पेशंटची बायपास व्हायची होती. हा नवा, कधीच न झालेला उपाय करून बघू, असं त्याने स्वतः मान्य केलं. दहा वर्षांनी तपासलं तेव्हाही ती जागा उघडीच होती. १९८६ साली फ्रान्समधल्या तुलूझमध्ये माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिला स्टेंट बसला, आणि हळूहळू 'अँजिओप्लास्टी' हा आपल्या काका-मामांच्या गप्पांतला शब्द झाला.

असंच पुन्हा घडलं पॅरिसमध्ये. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी असलेल्या बायकांचं ऑपरेशन करताना रक्त कमी जावं, म्हणून डॉक्टर आधी गाठींना रक्त पुरवणाऱ्या धमन्या नळीतून बारीक कण सोडून बंद करत. ऑपरेशनची वाट बघता बघता अनेकींचा त्रासच थांबला. मग ऑपरेशन कशाला? १९९५ साली हा अनुभव छापून आला आणि तयारी म्हणून केलेली गोष्टच उपचार ठरली.

हे वाचताना बीड जिल्हा आठवल्याशिवाय राहत नाही. तिथल्या ऊसतोड कामगार बायकांपैकी कितीतरी जणींची 'पिशवी' कमी वयातच काढून टाकल्याचं २०१९ मध्ये गाजलं आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीमुळे कामाचा खाडा पडला की मजुरी तर जातेच, वर मुकादम दंडही कापतो, असं बायकांनी सांगितलं. त्या सगळ्यांना फायब्रॉइड होते असं नाही, आणि नळीचा उपाय प्रत्येकीला लागू पडला असता असंही नाही. पण 'दुसरं काही करता येईल का?' हे विचारायला सवड लागते आणि उत्तर देणारा माणूस लागतो. पोर्टलंडच्या आजींना दोन्ही मिळालं.

म्हणजे कापणं वाईट आणि नळी चांगली, असा धडा घेऊ नका. २००७ मध्ये 'करेज' नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्यांचा हृदयविकार स्थिर आहे, अशा दोन हजारांहून अधिक पेशंटमध्ये चांगल्या औषधांच्या जोडीला स्टेंट घातल्याने मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं काही काळ कमी झालं, ते खरं. आणि २०१२ च्या 'फ्रीडम' अभ्यासात मधुमेह असून अनेक धमन्या अरुंद झालेल्यांना बायपासच सरस ठरली. हार्ट अटॅक चालू असताना गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे एकेक मिनिट मोलाचं, तिथे चर्चा करत बसू नका.

गंमत बघा. १९६४ मध्ये डॉटरला सांगावं लागत होतं, नुसतं बघू नका, दुरुस्त करा. आज पडद्यावर अरुंद जागा दिसली की तार पुढे सरकवायचा मोह इतका असतो, की कधीकधी 'आधी फक्त बघा' हे सांगणारं कुणीतरी लागतं.

ते कुणीतरी तुम्ही होऊ शकता. फोन आला की डॉक्टरांशी भांडू नका. शांतपणे तीन गोष्टी विचारा: हे आत्ता, या क्षणी करणं गरजेचं आहे का? नाही केलं, नुसती औषधं घेतली तर काय होईल? आणि दुसरा मार्ग कुठला?

मग फोन बाबांकडे द्यायला सांगा. त्यांना काय हवंय, तेही विचारा.