पाठीवरील ओझे आणि बालशरीर : गिर्यारोहणाच्या सॅकचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना
राजकीय इतिहासाच्या तुलनेत दैनंदिन वापरातील वस्तूंच्या इतिहासाकडे आपल्याकडे कमी लक्ष दिले जाते. पाठीवरील सॅक ही अशीच एक वस्तू होय. ही वस्तू कोणाच्या शरीरासाठी घडली आणि त्यात बालकाला कितपत स्थान मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सॅकचा विकास
नॉर्वेचे ओले बर्गन यांनी १९०९ मध्ये पाठीच्या आकारानुसार वळवलेल्या चौकटीच्या सॅकचे पेटंट घेतले. अमेरिकेत लॉइड नेल्सन यांच्या लाकडी चौकटीच्या सॅकला १९२४ मध्ये पेटंट मिळाले. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी अ‍ॅल्युमिनियमची चौकट व कमरपट्टा असलेल्या सॅक विक्रीस आणल्या. कमरपट्ट्यामुळे ओझ्याचा बराचसा भार खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर आला. १९६७ मध्ये ग्रेग लोव यांनी चौकट सॅकच्या आत बसवली. हा सर्व विकास प्रौढ शरीर गृहीत धरूनच झाला.

बालकांचे ओझे
जपानमध्ये १८८५ साली गाकुशुइन या शाळेने विद्यार्थ्यांसाठी सैनिकी पद्धतीची पाठपिशवी स्वीकारली. तिचे 'रांदोसेरू' हे नाव डच भाषेतील शब्दावरून आले आहे. म्हणजेच शाळकरी मुलाच्या पाठीवर आलेली पिशवी मुळात सैनिकाची होती.

भारतात १९८९ मध्ये आर. के. नारायण यांनी राज्यसभेत दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न मांडला. यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात, न समजलेल्या ज्ञानाचे ओझे दप्तराहूनही जड असते, असे प्रतिपादन केले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असा निर्णय घेतला.

गडवाटेवरील उपयोजन
हाच निकष सॅकला लावल्यास २० किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर २ किलोच भार येऊ शकतो. रिकामी सॅकच १ किलोची असेल, तर एक लिटर पाणी भरताच ही मर्यादा संपते. म्हणून रिकाम्या सॅकचे वजन प्रथम पाहावे. सॅकची निवड मुलाच्या उंचीवरून न करता मानेच्या तळाच्या उठावदार मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंतच्या लांबीवरून करावी. खांदपट्टे रुंद व मऊ असावेत, छातीपट्टा असावा, आणि कमरपट्टा पोटावर न येता कमरेच्या हाडांवर टेकावा. 'पुढे वाढेल' म्हणून मोठी सॅक घेतल्यास ती खाली लोंबते व मूल पुढे झुकून चालते.

निष्कर्ष
बालक म्हणजे प्रौढाची लहान आवृत्ती नव्हे, हे शिक्षणशास्त्राने मान्य केले. वस्तूंच्या बाबतीत मात्र ते आपल्या अंगवळणी पडलेले नाही. दप्तराचे वजन मोजण्याचा आग्रह धरणारे आपण सुटीच्या दिवशी गडावर जाताना तोच नियम विसरतो. मुलाला गडाची ओढ लागावी असे वाटत असेल, तर त्याच्या पाठीवर एक शिट्टी, थोडा खाऊ आणि पाण्याची लहान बाटली पुरेशी आहे. उरलेले ओझे प्रौढांनी वाहावे, हेच न्याय्य ठरेल.